थोरल्या तळ्याचे पाणी

निकाल लागलेला होता. पुरावा तेवढा यायचा होता, आणि तो आणण्यासाठी ताईला बोलावून घेतले होते. तीस वर्षे तिने माशांच्या रोगांत घालवली होती, त्यांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले होते, आणि ज्यांची तोंडे कधी पाहिली नाहीत अशा विद्वानांशी तळटीपांतून हाडवैर जोपासले होते. या साऱ्या विद्वत्तेचा तिच्या माहेराला उपयोग एवढाच, की माहेराने जे आधी ठरवलेले असे त्याखाली तिची सही घेता येई. विद्येचे याहून वाईट उपयोग जगात होत नाहीत असे नाही. पण ते इतक्या प्रेमाने, गरम चहा पुढे ठेवून, सहसा करून घेतले जात नाहीत.

खाद्याच्या खोलीत सकाळीच सगळे जमले होते. भिंतीलगत पोत्यांची थप्पी, मधे लाकडी टेबल, टेबलावर ताईने बरोबर आणलेला सूक्ष्मदर्शक, आणि शेजारी पसरट थाळीत बोटाच्या पेराएवढी पंधरा-वीस पिले. त्यांतली काही अजून जिवंत होती. पाण्याच्या वरच्या थराशी येऊन ती तोंडे उघडीत, मिटीत, आणि मधूनच एखादे पिलू थाळीच्या काठाला अंग घासून घेई. गेले सहा दिवस चार, सात आणि अकरा या तीन नंबरांच्या तळ्यांत हेच चालले होते. पिले पाण्याच्या तोटीपाशी गर्दी करीत, आणि दुसऱ्या सकाळी काठाकाठाने त्यांच्या पांढऱ्या पोटांची झालर लागे.

बाबा हात असलेल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले होते. छोटू पोत्यावर बसून मोबाइलमध्ये बघत होता. तो बेचाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप आणि आता साऱ्या तळ्यांचा कर्ताधर्ता. पण घरात छोटूच. त्याची बायको त्याच्या पाठीशी उभी होती, शब्दाच्या दोन्ही अर्थांनी. दाराशी उपड्या टबावर बसून आई एक फाटके हातजाळे सांधत होती. आणि उंबऱ्याच्या पलीकडे, बाहेर, जावई उभा होता. त्याला कोणी आत ये म्हटले नव्हते, आणि न म्हणता येणाऱ्यांतला तो नव्हता. त्याची बायको, म्हणजे घरातले शेंडेफळ बेबी, उंबऱ्यावर एक पाय आत, एक बाहेर ठेवून उभी होती. सहा दिवसांपासून या घरात तिची जागा नेमकी तेवढीच उरली होती.

"ताई, मला एकच ओळ पाहिजे," छोटू म्हणाला. "रोग बाहेरून आला, उसन्या जाळ्यातून आला. बास."

"एका ओळीसाठी मी चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेतली?"

"तुझ्या ओळीला वजन असतं. मी सांगितलं तर म्हणतील, मेहुण्याशी पटत नाही म्हणून सांगतोय."

"म्हणतील काय, तसंच आहे," बेबी म्हणाली.

"बघितलंस? म्हणून तर ताई पाहिजे."

जावयाचा अपराध असा की मागच्या पंधरवड्यात घरचे मोठे जाळे फाटले तेव्हा त्याने ते सांधण्यात दोन दिवस घालवण्याऐवजी पलीकडच्या मत्स्यशेतीवरून एक जाळे उसने आणले होते. जो मूळचा जाळी विणणारा, त्याने दुसऱ्याचे जाळे आणावे यातच छोटूच्या बायकोला काळेबेरे दिसत होते.

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात," ती थाळीकडे बघत म्हणाली.

"वहिनी, ते माशांना सांगा," बेबी म्हणाली. "आमचं वैर झालंच तर माणसांशी आहे."

"पुरे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज ऐंशीनंतर बारीक झाला होता, पण सगळे अजून जुन्या आवाजालाच घाबरत. "ताई बघेल. ती सांगेल तसं. जावईबापूंना महिनाअखेरपर्यंत मुदत आहे, त्यांनी दुसरीकडे सोय बघावी. वाईटपणा नको."

वाईटपणा नको, हे या घराचे ब्रीद. त्या ब्रीदाखाली आजवर जितका वाईटपणा झाला तितका उघड भांडणाऱ्या घरांत झाला नसता, असे ताईचे फार जुने मत होते. ते तिने कुठल्याच ग्रंथात मांडले नव्हते.

तिने एक पिलू उचलले, कल्ल्याची एक कड कात्रीने अलगद कापली, काचेवर थेंबभर पाण्यात ठेवली आणि डोळा भिंगाला लावला. शोधावे लागलेच नाही. कल्ल्याच्या लाल, कंगव्यासारख्या दातांमधून ते गोल जीव संथपणे स्वतःभोवती फिरत होते, प्रत्येकाच्या पोटात घोड्याच्या नालेसारखा एक वाकडा डाग. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. एवढ्याशा पिलांत तो अंगावर ठिपके उमटवण्याची वाट पाहत नाही. तो आधी कल्ल्यांत शिरतो, आणि पिलू भरल्या पाण्यात गुदमरून मरते.

भिंगातला जीव फिरत राहिला, आणि ताईला आठ वर्षांपूर्वीची सकाळ आठवली. हीच खोली, हेच टेबल, भिंगाखाली हाच जीव. तेव्हा उंबऱ्याबाहेर जावई नव्हता. तिथे खंड्या उभा होता.

खंड्या म्हणजे मधला भाऊ. लहानपणी बांधावर तासन्‌तास पाण्याकडे टक लावून बसे म्हणून आईने ठेवलेले ते नाव, आणि ते आठ वर्षांत या घरात कोणी उच्चारले नव्हते. त्याने त्या वर्षी दुसऱ्या बीजकेंद्रातून दहा डबे पिले आणली होती. त्यांची वाढ चांगली म्हणून. महिन्याभरात पाच तळी मेली. ताईने तपासून, दोन पानी, मुद्देसूद, तिच्या वळणदार अक्षरात अहवाल लिहिला होता. शेवटची दोन वाक्ये तिला पाठ होती, कारण आपली वाक्ये तिला पाठच असत: "सर्व तळी तपासली. संसर्ग बाहेरून आणलेल्या पिलांमधून झाला, याविषयी शंका नाही." तो कागद बाबांनी खंड्याच्या हातात दिला. त्याने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि आठवड्याच्या आत बायको-मुलीला घेऊन तो गेला. वाईटपणा न होता.

"काय गं?" आईने विचारले. "दिसतंय काही?"

"दिसतंय."

"जाळ्याचं?" छोटू उठून उभा राहिला.

"छोटू, कुठून आलो ते या किड्यांच्या पाठीवर लिहिलेलं नसतं." तिने डोळा भिंगावरून काढला आणि दाराकडे पाहिले. "जावईबापू, आत या. बसा इथे. ते जाळं कुठल्या कुठल्या तळ्यात उतरलं?"

जावई आत आला, पण बसला नाही. "सात आणि अकरा. त्याआधी दोन दिवस कडक उन्हात वाळवलं होतं."

"चारमध्ये?"

"चारमध्ये जाळं उतरलंच नाही, ताई. मी सहा दिवस तेच सांगतोय. ह्यांना पाहिजे तर मी..."

"तसं तो म्हणतो," छोटू म्हणाला.

"तो म्हणत नाही, मीही म्हणते," आईने जाळ्यावरची नजर न काढता सांगितले. "चारच्या बांधावर मी रोज असते. तिथे जाळं आलं असतं तर मला ओलांडून आलं असतं."

आई या घरात साक्ष देत नसे. ती चहा देत असे. छोटूच्या बायकोने एकदा नवऱ्याच्या डोक्याकडे आणि एकदा सासूकडे पाहिले, आणि ती भिंतीपाशी जाऊन टेकली. त्याच्या पाठीशी आता पोतीच तेवढी राहिली.

"मग चार, सात आणि अकरात असं काय गेलं जे बाकी सोळांत नाही गेलं?" ताईने विचारले.

"ही तीन या महिन्यात नव्यानं भरलेली," छोटूचा आवाज जरा खाली आला होता. "बाकीच्यांत मोठा माल आहे. आणि गेलं काय, नेहमीचंच. चुना, खत, बोअरचं पाणी. यंदा पिलं दुप्पट सोडली, ते खरं. वर तीन आठवडे ऊन नाही, पाणी गार. पण रोग काय गारठ्यातून येतो? आणि विरजण, ते तर असतंच."

ते तर असतंच. ताईने हातातली काच खाली ठेवली.

नवे तळे भरले की त्यात थोरल्या तळ्याचे थोडे पाणी घालायचे, ही बाबांची रीत. कोऱ्या पाण्यात पिलांना खायला काही नसते. जुन्या हिरव्या पाण्यातून सूक्ष्म जीव आले की आठवड्यात नवे पाणी भरून येते. घरात त्याला विरजण म्हणत. ग्रंथही वेगळ्या, लांब शब्दांत तेच म्हणत, आणि वडिलांची रीत आणि ग्रंथ एकच बोलतात याचा ताईला तरुणपणी फार अभिमान वाटला होता. तिच्या पहिल्या ग्रंथात त्याला दीड पान दिलेले होते.

"छोटू, आपली तळी किती?"

"एकोणीस. तुला माहीत नाही?"

"थोरलं धरून?"

छोटूने तिच्याकडे वेड्यासारखे पाहिले. "थोरलं कशाला धरायचं?"

या घरात थोरले तळे मोजत नसत. त्याला नंबर नव्हता. बाबांनी स्वतःच्या हातांनी खणलेले ते पहिले तळे; त्यात जुने, मोठे, अंडी देणारे मासे, आणि त्यात बाबांशिवाय कोणी जाळे टाकायचे नाही. दहाजण नदी उतरून गेले आणि मोजायला लागले तर नऊच भरले, कारण मोजणारा स्वतःला मोजायला विसरला. ही गोष्ट बाबांनीच मुलांना सांगितली होती, आणि तिला सगळ्यांत मोठ्याने हसणारी मुलगी पुढे जाऊन "सर्व तळी तपासली" असे लिहून आली होती. तेव्हा तिने तपासली ती एकोणीस. खोटे लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. ती इतकी या घरची होती की विसावे तिला दिसलेच नाही.

"मला थोरल्यातला एक मासा पाहिजे," ती म्हणाली.

बाबांनी खुर्चीचे हात धरले. "कशाला?"

"बघायला."

"त्यातला एक मासा मेलेला नाही. तीस वर्षांत नाही. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, पोरी. पाण्याचंही तसंच."

"बाबा, मूळ शोधायचाच पगार घेते मी. तुम्ही टाका जाळं. मी हात लावत नाही."

"आणि मी नाही टाकलं तर?"

"तर मी लिहीन की बघू दिलं नाही. माझ्या ओळीला वजन असतं, छोटू म्हणतो."

म्हातारा उठला. बांधावरून तो पुढे, मागे ताई बादली घेऊन, आणि बाकीचे एकेक करून आपल्याला सहजच यायचे होते असे दाखवीत. ढगाळ उजेडात थोरल्याचे पाणी मुगासारखे हिरवे दिसत होते. बाबांनी फेकजाळे खांद्यावर घेतले, दातांत त्याची कड धरली, आणि फेकले. जाळे ऐंशीच्या हातातून निघाले होते तरी पाण्यावर गोल उघडले. जावयाच्या तोंडून नकळत "वा" निघून गेले; त्याच्यावर सहा दिवस झालेल्या अन्यायाच्या मानाने ते फार उदार होते. जाळ्यातून वर आलेला मासा हातभर लांब, जाड, तुकतुकीत होता. ताईने त्याला ओल्या फडक्यात धरले, कल्ल्याचे झाकण उचलून आतून काचेने हलकेच खरवडले आणि त्याला परत सोडले. तो शेपटीचा एक फटका देऊन निघून गेला.

खोलीत परतल्यावर ती फार वेळ भिंगावर वाकून होती. इथे शोधावे लागले. चौथ्या थेंबात एक, सहाव्यात दोन, संथ, गोल, पोटात नालेचा डाग घेऊन फिरणारे.

"आहे," ती म्हणाली.

"थोरल्यात?" छोटूचा आवाज चिरकला. "मग ते मासे का नाही मरत?"

"त्यांना सवय झालीय. दोन-चार अंगावर असले तरी चालतं. मोठ्यांना जे अंगावर सहज वागवता येतं, त्यानंच लहान मरतात." आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर ऐकू आले. "मोठ्यांच्या अंगावर किडा पिकतो, गळून तळाशी बसतो, फुटून त्याचे शेकडो होतात, आणि ते पोहत मासा शोधत निघतात. दोन दिवसांत मासा नाही मिळाला तर मरतात. पण आपण त्यांना पंप लावून थेट पाळणाघरात सोडतो."

"म्हणजे विरजणातून," बेबी म्हणाली. ती आता दोन्ही पायांनी आत होती.

"काहीतरीच," बाबा म्हणाले. "विरजण काय आजचं आहे? तीस वर्षं घालतोय. तेव्हा का नाही मेली?"

प्रश्न चोख होता. ताईला त्याचे उत्तर माहीत नव्हते, आणि दुसऱ्या कोणी विचारला असता तर तिने तसे कबूल करायला थोडा वेळ घेतला असता. "पूर्वी कसं घालत होतात?"

"घालत होतो म्हणजे काय. ड्रमनं."

"तुम्ही?"

बाबांनी हनुवटीने दाराकडे खूण केली.

आईने दोरा दाताने तोडला. "मीच की. ह्यांना कुठे वेळ. कळशीनं भरायचे. एका दिवसात ड्रम कुठला भरायला, पाठ धरायची माझी. रोज चार-पाच कळशा, असं करत चार दिवसांत भरायचा. मग बाजारच्या दिवशी हातगाडी रिकामी मिळायची, तोवर झाकून ठेवायचा. आठवडा जायचा. हे ओरडायचे, एवढ्याशा पाण्याला आठवडा म्हणून."

ताई खुर्ची नसलेल्या जागी बसायला गेली आणि पोत्याच्या कडेवर टेकली. आठवडाभर झाकलेला ड्रम, आत एक मासा नाही. जे पोहत निघाले ते ड्रमातच संपले, आणि हिरवे पाणी तेवढे पुढे गेले.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय माहीत?"

"की पाणी ठेवलं की किडा मरतो."

"मला काय माहीत असणार, तू शिकलेली. माझी पाठ दुखायची, बाई." तिने जाळे झटकले. "त्यात कसलं शहाणपण. पाठ बरी असती तर एका दिवसात भरून मोकळी झाले असते."

ताईच्या ओळखीचे काही विद्वान अशा ठिकाणी बायकांच्या परंपरागत ज्ञानावर निबंध लिहितात आणि त्यात आईसारख्या बायकांचे आभार मानतात. इथे ज्ञान नव्हते. एक पाठ होती, जिची वीस वर्षे कोणी दखल घेतली नव्हती, आणि लाखो पिले त्या दुखण्यावर जगली होती.

"मग पाइप कधी टाकला?" तिने विचारले, आणि विचारतानाच तिला उत्तर येऊ लागले.

छोटूने छपराकडे पाहिले. शेवटी आईच म्हणाली, अगदी सहज, कौतुकाने, "तूच नाही का सांगितलंस. सुट्टीला आली होतीस. मला कळशी नेताना पाहिलंस आणि या दोघांवर काय डाफरलीस. नकाशा काढून दिलास, कुठून कुठे पाइप, कुठे पंप. खंड्यानं दोन दिवसांत टाकला. तेव्हापासून मला आराम पडला हो, खोटं कशाला बोलू."

नऊ वर्षांपूर्वी. पाच तळी मेली त्याच्या आदल्या वर्षी.

आईने खंड्या हे नाव घेतल्याचे एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आले होते. ते नाव खोलीत पडले आणि कोणी उचलेना.

"मधली सहा-सात वर्षं काय?" छोटूने घाईने विचारले. "दर वर्षी कुठे मेली?"

"दर वर्षी शंभरात किती जगत होती?"

"साठ. कधी पासष्ट."

"आणि आई ड्रम भरायची तेव्हा?"

छोटूने बाबांकडे पाहिले. बाबा म्हणाले, "पंच्याऐंशी." मग पुटपुटले, "आम्ही म्हटलं, हवा बदलली."

"दर वर्षी मरतच होती. ऊन असलं की थोडी, गारठा असला की तळंच्या तळं."

म्हातारा बोलला तेव्हा आवाजात आर्जव होते, आणि ते ताईने पूर्वी कधी ऐकले नव्हते. "पोरी, आता ड्रम परत ठेवू. आठवडा ठेवू, दोन आठवडे ठेवू. पण कागदावर थोरल्याचं नाव कशाला? लोक पिलं कशाला नेतात आपल्याकडून? जुनं पाणी म्हणून. जाळ्याचं लिही. एक ओळ."

"बाबा," छोटू म्हणाला. "चोर सोडून संन्याशाला फाशी होईल ती."

"सहा दिवस तूच दोर वळत होतास," बेबी म्हणाली.

"हो. वळत होतो."

जावई टेबलापाशी आला. "लिहा माझं, ताई," तो म्हणाला. रागाने नव्हे, हिशेब मिटवून टाकणाऱ्या माणसासारखा. "आम्ही जाणारच आहोत. ज्या घरात सहा दिवस दाराबाहेर उभं राहिलो, तिथे निर्दोष म्हणून आत येऊन बसायची मला हौस नाही. माझ्या नावानं थोरल्याचं नाव राहत असेल तर राहू दे."

"कुठे जाणार?" छोटूची बायको म्हणाली. ती पुढे झाली आणि तिने थाळीशेजारचा, अजून कोणी हात न लावलेला चहाचा कप उचलून जावयापुढे धरला. "बसा आधी. थंड झालाय, पण घ्या."

त्याने तो घेतला. प्यायला मात्र नाही.

ताईने पिशवीतून कोरा कागद काढला. तिने लिहिले की संसर्ग थोरल्या तळ्यातून, पाइपने आला. पाइप अमुक वर्षी, तिच्याच सांगण्यावरून टाकला गेला. जाळ्याचा त्याच्याशी संबंध नाही. पाइप बंद करावा. पाणी झाकून आठवडा ठेवावे. उरलेल्या पिलांना मिठाच्या पाण्याचा उपचार दिवसाआड करावा, कारण कातडीखालच्या किड्याला मीठ पोचत नाही, तो बाहेर पडेल तेव्हाच मरतो. इथवर हात सराईतपणे चालला. मग तिने नवी ओळ सुरू केली, आणि पेन थांबले.

"आठ वर्षांपूर्वीच्या अहवालात," बेबी मागून वाचत म्हणाली, "पुढे?"

"सर्व तळी तपासली नव्हती," ताई म्हणाली, आणि तसेच लिहिले.

बाबा उठले आणि कोणाकडे न पाहता बाहेर गेले. थोड्या वेळाने पंपाच्या खोलीतून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येऊ लागला. छोटू धावत गेला. ऐंशीचा माणूस पान्हा घेऊन पाइपचा जोड सोडवत होता. छोटूने दुसरा पान्हा घेतला. हे खिडकीतून दिसत होते.

"फोन कर त्याला," आई म्हणाली.

"काय सांगू?"

"ते तुला लिहिता आलं, मग बोलता येईल."

खंड्या शाळेची बस चालवत असे, एवढे तिला माहीत होते; नंबर बेबीकडे होता, आणि आठ वर्षे होता, हेही आज कळले. दुपारची मुले घ्यायला अजून वेळ असणार. तिसऱ्या घंटेला त्याने उचलला.

"ताई?" तो म्हणाला. "कोणी गेलं का?"

"नाही. सगळे आहेत." मग तिने सांगितले. तिला वाटले होते की आपण कारणे देऊ, रोगाचे चक्र सांगू, निदान एक तरी बरे वाक्य जमेल. प्रत्यक्षात ती चार वाक्यांत संपली. थोरले तपासले नव्हते. पाइपमधून आले. पाइप मी सांगितला होता. तुझ्या पिलांत काही नव्हते.

पलीकडे बसचे इंजिन चालू होते. ते बंद झाले.

"माझ्या पिलांत काही नव्हतं," तो म्हणाला.

"नाही."

"मी आणताना बघितली होती गं. एकेक डबा उन्हात धरून. चांगली होती."

"मग तेव्हा बोलला का नाहीस? भांडायचंस. माझ्याशी भांडायचंस."

"तू लिहिलं होतंस ना," खंड्या म्हणाला. त्याच्या आवाजात खरेच नवल होते, की हे विचारण्यासारखे काय आहे. "मी म्हटलं, मला बाहेरून दिसलं, ताईला आतून दिसलं. मीच मारली असणार."

ताई आजवर धरून चालली होती की तो रागावून गेला. त्या रागाची उत्तरे तिने आठ वर्षे तयार ठेवली होती, आणि ती चांगली उत्तरे होती. राग नव्हताच. त्या घरात तिच्या ओळीवर खरोखर विश्वास ठेवलेला माणूस तो एकटाच होता.

"येशील?" तिने विचारले. "बाबा पाइप काढताहेत."

"बघू. मुलीची परीक्षा आहे." बसचे दार उघडल्याचा आवाज आला. "ती चौथीत होती ना, तेव्हा मागे लागली होती. काचेचं भांडं आणि त्यात दोन मासे, बास. आठ महिने मागे लागली होती. मी नाही म्हटलं. आपल्या हातून नको, म्हटलं."

"आता दे ना आणून."

"आता ती अकरावीत आहे, ताई," खंड्या म्हणाला. "आता ती मागत नाही." मग मुलांचा गलका जवळ आला, आणि तो म्हणाला, "आईची पाठ कशी आहे?"

ताईने फोन आईच्या कानाशी धरला. टेबलावरच्या थाळीत शेवटचे पिलू तोंड उघडत, मिटत होते. जावयाने हातातला थंड कप खाली ठेवला, थाळी उचलली आणि मीठ कुठे असते ते कोणाला न विचारता तो घेऊन गेला.